विमानातली खराब वायरिंग: तपासणी आणि दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एएमईचे (विमान देखभाल अभियांत्रिकीचे) विद्यार्थी, हँगरमध्ये नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ आणि काही चौकस प्रवासी हे प्रश्न सतत पाठवतात. उत्तरं विषय समजावा म्हणून दिली आहेत. प्रत्यक्ष विमानाला हात लावताना त्या विमानाच्या निर्मात्याचं, चालू आवृत्तीचं मॅन्युअलच प्रमाण मानायचं. इथला एकही आकडा त्याच्या जागी वापरू नका.

१. विमानाची वायरिंग म्हणजे नक्की काय काय? ईडब्ल्यूआयएस हे काही वेगळं प्रकरण आहे का?

वेगळं नाही, पण व्यापक आहे. पूर्वी वायर म्हणजे उपकरणांना जोडणारा किरकोळ भाग समजला जायचा. अमेरिकेच्या एफएएने (तिथली नागरी विमान नियामक संस्था) २००७ मध्ये मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत वायरिंगसाठी स्वतंत्र विभाग केला आणि वायर, कनेक्टर, टर्मिनल, स्प्लाइस (दोन वायरींचा सांधा), क्लॅम्प, स्लीव्ह, शील्ड, अर्थिंगच्या जोडण्या या सगळ्यांना मिळून एक यंत्रणा मानलं. तीच ईडब्ल्यूआयएस, म्हणजे विद्युत वायरिंग आणि जोडण्यांची यंत्रणा. बदल कागदावरचा वाटतो, पण त्याने तपासणीची नजर बदलली. निसटलेला क्लॅम्प हा आता ‘किरकोळ हार्डवेअर’ राहिला नाही, तो वायरिंगचाच दोष झाला. एअरबस ए३८० सारख्या विमानात सुमारे ५०० किलोमीटर वायर असते. इतक्या लांबीवर कुठेही, काहीही होऊ शकतं.

२. एका वायरवरचा ओरखडा खरंच इतका गंभीर असतो का?

दोन अपघातांची नावं या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवीत.

१७ जुलै १९९६ ला टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघाल्यावर काही मिनिटांत मधल्या इंधन टाकीच्या स्फोटाने कोसळलं. २३० जण गेले. ठिणगी कुठून आली हे निर्विवाद सिद्ध झालं नाही. मात्र अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेच्या निष्कर्षानुसार सर्वांत संभाव्य कारण होतं टाकीबाहेरचं शॉर्ट सर्किट. त्यातून जास्तीचं व्होल्टेज इंधनमापकाच्या वायरमध्ये शिरलं आणि तिथून टाकीत गेलं.

२ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११ हे एमडी-११ कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळ समुद्रात पडलं. २२९ जण गेले. कॉकपिटच्या छतामागे वायरवर आर्किंग झालं, म्हणजे वीज हवेतून उडी मारून ठिणगी पडली, आणि उष्णतारोधक चादरीच्या धातुलेपित आवरणाने पेट घेतला. आग सुरू झाली तिथे कोणी बसत नाही, कोणाची नजर जात नाही.

या दोन अपघातांनंतरच जगभर वायरिंगकडे नव्याने पाहिलं गेलं. ओरखडा गंभीर आहे की नाही हे तो किती खोल आहे यावर जसं ठरतं, तसंच तो कुठे आहे आणि शेजारी काय आहे यावरही ठरतं.

३. शॉर्ट झालं तर ब्रेकर पडतोच. मग भीती कशाची?

हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो. साधा थर्मल ब्रेकर आतली पट्टी तापली की पडतो. तापायला ठरावीक प्रवाह ठरावीक वेळ वाहावा लागतो. घासलेल्या वायरवरचा आर्क तसा सलग नसतो. विमान हादरलं की वायर धातूला टेकते, ठिणगी पडते, पुन्हा सुटते. प्रवाहाचे हे क्षणिक झटके पट्टी तापवायला अपुरे पडतात, पण आर्कच्या ठिकाणचं तापमान शेजारच्या वायरचं इन्सुलेशन जाळण्याइतकं असतं. ब्रेकर पडेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असू शकतं. प्रवाहाच्या लहरीतून आर्क ओळखणारे ब्रेकर विकसित झाले ते याच कारणासाठी. ते सगळ्या विमानांत आणि सगळ्या सर्किटांवर नाहीत.

४. ब्रेकर पडला आणि पुन्हा दाबल्यावर राहिला. विमान सोडायला हरकत आहे का?

आहे. कारण सापडेपर्यंत तो ब्रेकर दाबायचाच नसतो. पडलेला ब्रेकर हा दोषाचा पुरावा आहे. तो दाबून पाहणं म्हणजे आधीच जळलेल्या जागेला पुन्हा वीज देणं. हवेत असताना कर्मचाऱ्यांसाठीची सर्वमान्य पद्धत अशी: सुरक्षित उड्डाणासाठी ती यंत्रणा अत्यावश्यक आहे असं कॅप्टनने ठरवलं तरच, आणि एकदाच. इंधन पंपाच्या ब्रेकरला हात लावायचा नाही. जमिनीवर तर घाईचं कारणच नाही. सुटायची वेळ झाली आहे हे कारण धरता येत नाही.

५. हा जुन्या विमानांचा आजार आहे ना?

वयाने इन्सुलेशन कडक होतं, तडकतं, हे खरं. टीडब्ल्यूएचं विमान २५ वर्षांचं होतं. पण स्विसएअरचं विमान अवघं सात वर्षांचं होतं, आणि तिथे नंतर बसवलेल्या मनोरंजन यंत्रणेची वायरिंगही तपासाच्या केंद्रस्थानी होती. वयाइतकंच महत्त्व विमानात काय बदल झाले, किती वेळा पॅनेल उघडली गेली आणि कोणत्या हातांनी, याला आहे. नव्या विमानात दहा वेळा उघडलेला भाग जुन्या विमानातल्या कधीच न उघडलेल्या भागापेक्षा वाईट स्थितीत असू शकतो.

६. वायर खराब होते ती नेमकी कशाने?

कंपनं, उष्णता, ओलावा आणि रसायनं ही उत्तरं पुस्तकात असतात. त्यांच्याइतकंच मोठं कारण म्हणजे आपण, म्हणजे देखभाल करणारी माणसं. शेजारच्या कामासाठी बंडलला (एकत्र बांधलेल्या वायरींच्या जुडीला) ओढून बाजूला करणं, त्यावर पाय देऊन वर चढणं, ड्रिलिंगचा धातूचा चुरा न झाकलेल्या वायरवर पडू देणं, क्लॅम्प बंद करताना एखादी वायर चिमटणं. धातूची बारीक कीस बंडलमध्ये शिरली की प्रत्येक कंपनाबरोबर ती आत कापत जाते, आणि दोष दिसतो महिन्यांनी, भलत्याच विमानतळावर, भलत्याच माणसाला.

म्हणून काम सुरू करण्याआधी बंडल झाकायचं आणि काम सुरू असतानाच सफाई करत जायचं, शेवटी नाही. ईडब्ल्यूआयएसच्या प्रशिक्षणात हे शिकवलं जातं. शिकवलेलं रात्रपाळीत टिकतं की नाही यावर सगळं आहे.

द्रव गळतीचं एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ७ जानेवारी २००८ ला क्वांटासचं बोइंग ७४७ लंडनहून बँकॉकला उतरत असताना पुढच्या गॅलीतलं (विमानातल्या स्वयंपाकघरातलं) पाणी खालच्या उपकरण कक्षात उतरलं, जनरेटरच्या नियंत्रण उपकरणांपर्यंत पोचलं आणि विमानाच्या मुख्य एसी (प्रत्यावर्ती) वीजपुरवठ्याचा मोठा भाग गेला. वैमानिकांनी विमान सुरक्षित उतरवलं. दोष वरवर पाहता प्लंबिंगचा होता. म्हणून गॅली किंवा शौचालयाची गळती दुरुस्त केली की खालची वायरिंग आणि पाणी अडवणारं आच्छादन पाहिल्याशिवाय काम संपत नाही.

७. तपासणी कुठून सुरू करायची? एवढ्या वायरी कोण बघणार?

सगळ्या वायरी रोज कोणीच बघत नाही. विमान झोनमध्ये विभागलेलं असतं आणि कोणत्या झोनला वरवरची दृश्य तपासणी पुरेशी, कुठे जवळून सविस्तर, हे देखभाल कार्यक्रमात ठरलेलं असतं. ज्वलनशील चुरा साचू शकतो अशा, किंवा मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही उड्डाण नियंत्रणांच्या जवळून वायर जाते अशा झोनचं विश्लेषण अधिक कडक असतं.

जागेवर मी नेहमी आधी हात मागे ठेवून पाहायला सांगतो. हात लावला की बंडल हलतं आणि पुरावा बदलतो. टॉर्च तिरपी धरा, म्हणजे घासलेला भाग चमकतो. आरसा लावून बंडलची मागची बाजू पाहा, कारण घासणं बहुतेक मागेच असतं, स्ट्रक्चरच्या कडेला. क्लॅम्पजवळ, ग्रोमेटजवळ (वायर जाते त्या छिद्राच्या कडेचं संरक्षक कडं), कनेक्टरच्या मागे, वळणावर आणि जिथे बंडल हलणाऱ्या भागाशेजारून जातं तिथे जास्त वेळ द्या. कनेक्टरच्या मागच्या बाजूला रंग बदललेला दिसला तर तो उष्णतेचा किंवा गंजाचा संकेत आहे. चाकांच्या कप्प्यात आणि पंखांच्या पुढच्या-मागच्या कडांना वारा आणि ओलावा दोन्ही भिडतात, तिथे विशेष.

बंडल किती सैल असावं हेही पाहा. एफएएच्या एसी (सल्लापत्रक) ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत दोन आधारांमध्ये हाताच्या साध्या दाबाने सुमारे अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नसावा असं म्हटलंय. वळणाची त्रिज्या बंडलमधल्या सर्वांत जाड वायरच्या बाह्य व्यासाच्या दहापट असावी, आणि नीट आधार असलेल्या टर्मिनलजवळ तिप्पट चालते. ही मार्गदर्शिका निर्मात्याच्या सूचना नसतील तेव्हासाठी आहे.

८. धूळ आणि चिंध्यांचा पुंजका इतका महत्त्वाचा का? तो वायर तर नाही.

कापडाचे धागे, केस, कागदाचे तुकडे हे पेटण्यासाठी तयार इंधन. ठिणगी आणि इंधन यांपैकी एक काढलं तरी आग थांबते, आणि इंधन काढणं सोपं आहे. मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने काढा. कॉम्प्रेस्ड एअरने फुंकू नका, त्याने कचरा कनेक्टरमध्ये आणि बंडलच्या आत जातो. द्रावक वापरायचं तर मॅन्युअलमध्ये परवानगी असलेलंच, कारण काही द्रावकं इन्सुलेशन किंवा त्यावरची खूण खातात.

९. मल्टिमीटरवर कंटिन्युइटी (वाट अखंड असल्याची खूण) आली. म्हणजे वायर ठीक ना?

एवढंच कळलं की त्या क्षणी, त्या स्थितीत तांब्याची वाट अखंड आहे. शंभर तंतूंपैकी दोन शिल्लक असले तरी मीटर तेच दाखवेल. इन्सुलेशनची अवस्था तर मीटर सांगतच नाही. त्यासाठी उच्च व्होल्टेजची इन्सुलेशन चाचणी करतात, आणि ती करण्याआधी दोन्ही टोकांची उपकरणं सोडवावीच लागतात, नाहीतर दोष शोधताना नवा दोष तयार होतो. इंधनाच्या वाफा असतील तिथे ती चाचणी नाहीच. लांब वायरमध्ये तुटलेली जागा शोधायला टीडीआर हे उपकरण कामाला येतं. ते स्पंद पाठवतं आणि परतण्याच्या वेळेवरून अंतर देतं.

१०. दोष हवेतच येतो, जमिनीवर सगळं नीट चालतं. काय करायचं?

‘दोष आढळला नाही’ लिहून बॉक्स बदलण्याचा मोह इथेच होतो. बॉक्स बदलला, दोन उड्डाणं चांगली झाली, तिसऱ्याला तोच दोष आला, तर वायरिंगचा संशय आधी घ्या. हवेत तापमान, दाब आणि कंपन बदलतात. कनेक्टरची पिन मागे सरकलेली, पिन-सॉकेटची पकड सैल झालेली, स्प्लाइसमध्ये ओल शिरलेली असू शकते. मीटर लावून बंडल हळूच हलवणं उपयोगी पडतं, पण ज्या विमानांत जुनं ठिसूळ इन्सुलेशन आहे तिथे हलवण्यानेच ते तडकू शकतं. आधी प्रश्न १२ वाचा.

११. कोणता ओरखडा सोडून द्यायचा आणि कोणता दुरुस्त करायचा?

तांबं किंवा शील्डची जाळी दिसत असेल तर चर्चा संपली. दुरुस्ती किंवा बदल. फक्त वरच्या थरावर खरचटलं असेल तर त्या वायरच्या प्रकाराची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा. पण निर्णयाआधी कारण सापडलं पाहिजे. वायर दुरुस्त केली आणि तिला घासणारी कड तशीच ठेवली, तर तुम्ही फक्त पुढच्या दोषाची तारीख ठरवली. क्लॅम्प कोणता, कुठे, कोणत्या मापाचा हे आधी दुरुस्त करा.

१२. कॅप्टॉन इन्सुलेशनबद्दल इतकी ओरड का?

कॅप्टॉन हे पॉलिइमाइडचं व्यापारी नाव. हलकं, पातळ, उष्णतेला तोंड देणारं, म्हणून एकेकाळी भरपूर वापरलं गेलं. त्याच्या दोन दुखण्यांनी मात्र नाव खराब केलं. ओलावा आणि ताण यांनी ते कालांतराने तडकतं. दुसरं अधिक गंभीर: आर्क झाल्यावर ते जळून कार्बन होतं, आणि कार्बन वीज वाहतो. मग आर्क वायरवरून पुढे सरकत जातो आणि शेजारच्या वायरी एकापाठोपाठ एक पकडतो. यालाच आर्क ट्रॅकिंग म्हणतात. नव्या विमानांत पॉलिइमाइडच्या बाहेर-आत फ्लोरोपॉलिमरचे थर असलेल्या संमिश्र वायर वापरतात. जुन्या विमानांत शुद्ध पॉलिइमाइड अजून भेटतं, तेव्हा बंडल वाकवताना दुप्पट सावध राहा. तसंच पीव्हीसी असलेल्या जुन्या वायरींचा धूर विषारी असतो, हेही लक्षात असू द्या.

१३. वायर तुटली तर स्प्लाइस मारायचा की पूर्ण बदलायची?

पूर्ण बदलणं सर्वांत चांगलं, पण नेहमी शक्य नसतं. स्प्लाइस ही मान्य दुरुस्ती आहे, तिच्या अटींसह. एसी ४३.१३-१बी नुसार दोन कनेक्टरांमधल्या एका वायरखंडात एकापेक्षा जास्त स्प्लाइस नसावा, आणि टोकाच्या जोडणीपासून १२ इंचांच्या आत नसावा. अपवाद आहेत: अनेक वायरी एका वायरला जोडायच्या असतील, कनेक्टरच्या पिनला बसण्यासाठी वायरचं माप बदलायचं असेल, किंवा मंजूर दुरुस्तीत तसं सांगितलं असेल. बंडलमधले स्प्लाइस एकाशेजारी एक ठेवत नाहीत, पुढेमागे सरकवतात, नाहीतर तिथे फुगवटा येतो आणि तोच पुढे घासतो. ओलाव्याच्या जागी सीलबंद प्रकारच घ्या. त्यातली स्लीव्ह आकसवताना हीट गनचा झोत शेजारच्या वायरींवर पडू देऊ नका. इंधनाच्या वाफांजवळ हीट गन नकोच.

नवी वायर त्याच किंवा जाड मापाची आणि तेवढ्याच तापमान क्षमतेची हवी. एडब्ल्यूजी या वायरच्या जाडीच्या मापपद्धतीत आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक, ही गोष्ट नवशिक्यांना हमखास फसवते.

१४. सोल्डर मजबूत असतं. मग क्रिम्पच (हत्याराने दाबून केलेली जोडणी) का?

सोल्डर तंतूंमधून वर चढतं आणि वायरचा तो भाग कडक करतं. कडक भाग जिथे संपतो, तिथेच कंपनाने वायर तुटते. क्रिम्पमध्ये धातू धातूला दाबून जोडलेला असतो, आणि योग्य हत्याराने प्रत्येक वेळी तसाच होतो. ‘योग्य हत्यार’ म्हणजे त्या टर्मिनलसाठी नेमलेलं, कॅलिब्रेशनची तारीख उलटून न गेलेलं, पूर्ण दाबल्याशिवाय न उघडणारं. बाजारातला पक्कड इथे चालत नाही. क्रिम्प झाल्यावर तपासणीच्या छिद्रातून तंतू दिसले पाहिजेत. सोलताना बारीक वायरचा एकही तंतू तुटलेला चालत नाही. तुटला, तर कापा आणि पुन्हा सोला.

१५. कोणत्या वायरींना स्प्लाइस चालतच नाही?

विमानानुसार यादी वेगळी, पण सावध करणाऱ्या जागा ठरलेल्या. कोअॅक्स केबलमध्ये (मध्ये वायर, भोवती शील्ड) साधा स्प्लाइस इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा ठरावीक विद्युत विरोध, बिघडवतो. थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या जोडणीच्या) वायर बऱ्याचदा क्रोमेल-अल्युमेल या मिश्रधातूंच्या असतात, तिथे साधा तांब्याचा स्प्लाइस टाकला की तापमान चुकीचं दिसू शकतं. डेटा बसच्या पिळलेल्या, शील्डेड जोड्यांची दुरुस्ती करताना पीळ आणि शील्डची सलगता टिकवावीच लागते. आणि इंधनमापकाच्या वायर. टीडब्ल्यूए ८०० नंतर २००१ मध्ये एफएएने इंधन टाकीच्या सुरक्षेसाठी एसएफएआर ८८ हा विशेष नियम आणला. त्यातून इंधन टाकीशी निगडित रचनेच्या काही वैशिष्ट्यांवर सीडीसीसीएल ही बंधनं आली. तिथे वायर कशी दुरुस्त करायची, इतर वायरींपासून किती दूर ठेवायची हे बंधनकारक असतं. कामाच्या कार्डावर सीडीसीसीएल दिसलं की थांबा आणि ते पान आधी वाचा.

१६. फक्त टेप गुंडाळून चालेल का? आणि झिप टाय?

मॅन्युअल सांगेल ती टेप, सांगेल तितक्या वेढ्यांत, सांगेल त्या नुकसानीवर चालेल. घरगुती इन्सुलेशन टेप कधीच नाही. तिचा चिकटा सुटतो आणि धूळ धरतो. प्लास्टिक टाय काही ठिकाणी मान्य आहेत, पण उष्ण किंवा जास्त कंपनाच्या भागात नाहीत. कापलेलं टोक धारदार राहिलं तर शेजारच्या वायरला आणि पुढच्या माणसाच्या हाताला जखम करतं. कोअॅक्सवर घट्ट आवळला तर ती आतून दबते. लेसिंगची (बंडल बांधायची) दोरी बांधायला वेळ लागतो. तो वेळ द्या.

१७. सुटं झालेलं, न वापरलेलं वायरचं टोक तसंच ठेवलं तर?

नको. दुसरीकडे वीज असू शकते. टोक झाकून, बांधून, नोंदवून ठेवायचं. तात्पुरत्या दुरुस्तीलाही हेच लागू: तिची मुदत मॅन्युअलमध्ये असते आणि नोंद लॉगबुकात. एमईएलनुसार (कोणती उपकरणं बंद असताना उडता येतं त्याची मंजूर यादी) एखादी यंत्रणा बंद ठेवून उड्डाण करता येतं. पण त्यामुळे त्या यंत्रणेची उघडी वायर सुरक्षित होत नाही.

१८. विमानात उंदीर दिसला. वायर तपासण्यासाठी खरंच विमान थांबवतात?

हो, आणि थांबवलंच पाहिजे. उंदीर सापडला म्हणून प्रश्न मिटत नाही, तो कुठे कुठे फिरला ते माहीत नसतं. धुरीकरणानंतर गॅली, कार्गो, केबिनच्या फरशीखालचे मार्ग आणि उपकरण कक्ष इथली वायरिंग उघडून पाहतात. लेंड्या आणि कुरतडलेल्या चादरीचे तुकडे हा माग. प्रवाशांचा विलंब समजण्यासारखा आहे, पण या कारणाने थांबवलेल्या विमानावर मी कधी तक्रार करणार नाही.

१९. मुंबईच्या पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते का?

मॅन्युअल तेच, लक्ष जास्त. दमट, खारी हवा, भिजलेली मालवाहू पेटारे, उघड्या दारातून येणारा पाऊस, यांमुळे कनेक्टर आणि अर्थिंगच्या जोडण्या गंजतात. पाणी वायरवरून घरंगळत कनेक्टरमध्ये जाऊ नये म्हणून वायरला खाली झोळ ठेवलेला असतो. दुरुस्तीनंतर बंडल ‘नीटनेटकं’ ताणताना तो झोळ जातो, हे पाहत राहा. नागपूरसारख्या कोरड्या, तापणाऱ्या ठिकाणी दुरुस्तीला आलेलं विमानही समुद्रकाठी उडालेलं असतं. हँगर कुठे आहे हे न बघता विमान कुठे उडतं ते बघा.

२०. दुरुस्तीवर सही कोण करू शकतं? बी१ की बी२?

भारतात डीजीसीएच्या (नागरी विमान नियामक) सीएआर-६६ या परवाना नियमानुसार विद्युत यंत्रणा बी१ (यांत्रिक आणि इंजिन) आणि बी२ (एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक्स) या दोन्ही परवाना प्रवर्गांच्या कक्षेत येतात. एव्हिऑनिक्स यंत्रणांच्या वायरिंगसाठी बी२ लागतो. बी१ ची मर्यादा तिथे साध्या चाचण्यांपर्यंत असते. शिवाय विमानप्रकाराची मान्यता आणि सीएआर-१४५ (मान्यताप्राप्त देखभाल) संस्थेने दिलेला अधिकार, दोन्ही हवेत. वायर कोणी जोडली आणि सही कोणी केली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण सही करणाऱ्याने पॅनेल बंद होण्याआधी ती जागा स्वतः पाहिलेली असावी.

२१. वायरिंग डायग्राम आणि विमानातली वायर जुळत नाही. कोणावर विश्वास ठेवायचा?

दोघांवरही नाही. आधी डायग्राम त्याच विमान क्रमांकाला लागू होतो का ते बघा. एकाच मॉडेलच्या दोन विमानांत फरक असतात. मग नंतर झालेले बदल, सर्व्हिस बुलेटिन (निर्मात्याची बदलाची सूचना) आणि पूरक प्रमाणपत्राखाली (मूळ रचनेत नंतर केलेल्या बदलाची मंजुरी) बसवलेल्या यंत्रणांची कागदपत्रं तपासा. तरीही जुळत नसेल तर तिथेच थांबून अभियांत्रिकी विभागाला लेखी विचारा. वायरवरची खूण पुसलेली असेल तर अंदाजाने जोडू नका, दोन्ही टोकं ओळखून घ्या. उत्तर येईपर्यंत ते टोक झाकलेलं आणि ब्रेकर ओढून टॅग लावलेला असू द्या. रात्रपाळी बदलली तर तो टॅग पुढच्या माणसाला तोंडी सांगा आणि हस्तांतर नोंदीतही लिहा.